तुमचे प्रश्न : मार्करच्या पोटात नळ्या लपवताना

पेंटबॉल मार्करबद्दल, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या खेळातल्या बंदुकीबद्दल, या वेळी आलेल्या पत्रांतली चार एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतो. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण उरलेल्या तिघांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : सर, मी एक मेकॅनिकल मार्कर स्वतः जुळवतोय. ट्रिगर हवेवर केला आहे. बोटाने एक छोटा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह दाबला जातो, त्यातून हवा एका चिमुकल्या सिलिंडरला जाते आणि सिलिंडरचा दांडा सिअरला, म्हणजे शॉट अडवून धरणाऱ्या खटक्याला, ढकलतो. ट्रिगर लोण्यासारखा हलका झालाय, तक्रार नाही. पण बाहेरून मार्कर आयसीयूतल्या पेशंटसारखा दिसतो, जिकडेतिकडे नळ्या. कमी दाबाचा रेग्युलेटर पुढच्या ग्रिपवर आहे, व्हॉल्व्ह ट्रिगरच्या मागे आणि सिलिंडर वर रेलमध्ये. मला सगळं आत घालायचंय. मागच्या ग्रिपच्या बुडाशी भरपूर जागा होऊ शकते. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह दोन्ही तिथेच बसवून ट्रिगरपासून खाली एक तार ओढली तर चालेल का?

उत्तर : आधी चालवलंत आणि मग लपवायला निघालात, हे फार बरं केलंत. बरेच जण उलट्या क्रमाने जातात. फ्रेम पोखरून, ॲनोडाइज करून, पॅनल आवळून सगळं तयार, आणि टाकी लावली की आतून फुस्स. मग ती गळती शोधत बसा.

रेग्युलेटर खाली न्या, खुशाल न्या. व्हॉल्व्ह मात्र आहे तिथेच राहू द्या. कारण सांगतो, कारण या एका गोष्टीवर तुमचं सगळं काम उभं आहे.

तुमच्या मार्करमध्ये हवेचे तीन टप्पे आहेत. टाकीत 3000 किंवा 4500 पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड, हे दाबाचं माप). टाकीच्या तोंडावरचा रेग्युलेटर ते बहुधा 800 ते 850 वर आणतो आणि ती हवा मार्करमध्ये शिरते. तिची एक फांदी तुमच्या छोट्या रेग्युलेटरकडे जाते, तो ती 70-80 पीएसआयपर्यंत उतरवतो. लपवालपवी करायची ती या तिसऱ्या टप्प्यात. 800 पीएसआयची नळी ग्रिपच्या आत मुरडून कोंबायची नाही. तळहात आणि ती नळी यांच्यात फक्त रबरी पॅनल, ही कल्पनाच मला सहन होत नाही. रेग्युलेटर बुडाशी बसवायचा तर जास्त दाबाची जोडणी बाहेर, डोळ्यांसमोर राहील असाच बसवा.

आता तिसऱ्या टप्प्यातल्या नळ्याही दोन जातींच्या आहेत. रेग्युलेटरपासून व्हॉल्व्हपर्यंतची नळी कायम भरलेली असते. ती लांब झाली तर बिघडत काही नाही, उलट व्हॉल्व्हच्या दारात थोडा साठा तयार राहतो. व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतची नळी मात्र प्रत्येक शॉटला भरावी लागते आणि प्रत्येक शॉटला रिकामी करावी लागते. सिलिंडर हलायच्या आधी तिचं पोट भरायचं आणि सिअर परत बसायच्या आधी ते रिकामं करायचं.

आकडे पाहा. नेहमीची छोटी नळी आतून एक सोळांश इंच, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर. तिच्या 10 सेंटिमीटर तुकड्यात 0.2 घनसेंटिमीटर हवा मावते. सिलिंडरचा आतला व्यास तुम्ही कळवला नाहीत, पाव इंच धरू. त्याचा दांडा 6 मिलिमीटर चालला तर सिलिंडरला लागते 0.19 घनसेंटिमीटर. म्हणजे वीतभरही नसलेली नळी अख्ख्या सिलिंडरइतकी हवा खाते, आणि ती कामाची नव्हेच. पाच बत्तिसांश इंची सिलिंडर असेल तर त्याला लागते जेमतेम 0.07, तिथे तीच नळी सिलिंडरच्या पावणेतीन पट. छोटा सिलिंडर घेतला म्हणजे ट्रिगर चपळ होतो असं नाही, नळीही तितकीच आखूड करावी लागते.

छोट्या सिलिंडरला जोरही कमी. 75 पीएसआयला पाव इंची सिलिंडर सुमारे 1.7 किलोचा रेटा देतो, पाच बत्तिसांश इंची 650 ग्रॅमच्या आसपास. त्यातून ओ-रिंगचं (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याचं) घर्षण आणि आतली स्प्रिंग वजा करा. सिअरला किती रेटा लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने मोजून घ्या, मगच सिलिंडर ठरवा. ऑटोमॅग नावाच्या मार्करला असा हवेचा ट्रिगर लावायची रीत जुनी आहे, हौशी मंडळी त्याला न्यूमॅग म्हणतात, आणि त्यातही सगळा खेळ याच हिशेबाचा.

म्हणून व्हॉल्व्ह ट्रिगरच्या पाठीला, सिलिंडर शक्य तितका त्याच्या डोक्यावर, मधली नळी दोन-तीन सेंटिमीटरची. तार नको. तारेत ढिलाई येते, बोट एक सांगतं आणि व्हॉल्व्हचा दांडा दुसरंच ऐकतो. ट्रिगरच्या मागे एक बारीक, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू ठेवा, व्हॉल्व्हचा दांडा तळाला टेकायच्या आधी ट्रिगर तिथे थांबला पाहिजे. नाहीतर प्रत्येक वेळी बोटाचा सगळा जोर त्या बिचाऱ्या दांड्यावर, आणि आतलं सील लवकर जातं.

नळीऐवजी फ्रेममध्येच छिद्रं पाडून हवा नेता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल. येते. आज कितीतरी मार्करमध्ये हवा फ्रेमच्या आतूनच फिरते. हाताने करायचं तर लांब बारीक ड्रिल वाकडं जातं. दोन्ही टोकांकडून या, थोडं थोडं खोदा, बुकणी काढत राहा. आडवी छिद्रं जिथे मिळतात तिथे आत जी धार उभी राहते ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, ती ओ-रिंग सोलते. छिद्र रुंदही करू नका. 2 मिलिमीटरचं छिद्र 6 सेंटिमीटर गेलं की तेच 0.19 घनसेंटिमीटर झालं.

आट्यांबद्दल एक. या छोट्या फिटिंगमध्ये दोन जाती बाजारात मिसळून मिळतात. इंची दहा-बत्तीस आणि मेट्रिक एम-5. एकाचा बाहेरचा व्यास 4.83 मिलिमीटर, दुसऱ्याचा 5. आट्याचं अंतर 0.79 आणि 0.8. डोळ्याला सारखेच. दहा-बत्तीसचं फिटिंग एम-5 च्या छिद्रात गुमान जातं, आवळल्यासारखंही वाटतं, आणि धरून मात्र काही ठेवत नाही. उलट केलं तर दोन-तीन फेऱ्यांत अडकतं, आणि जोर लावणारा माणूस आटे घेऊनच बाहेर येतो. बाहेरच्या फिटिंगचं हे पाप लगेच दिसतं, आतलं महिनाभराने. तेव्हा एकच जात ठरवा आणि दुसरी टेबलावरून उचलून ठेवा. टॅपसाठी, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारासाठी, ड्रिल दहा-बत्तीसला 4 मिलिमीटरच्या किंचित वर, एम-5 ला 4.2.

नळी बार्बवर, म्हणजे फिटिंगच्या खाचेदार टोकावर, चढवायची ती कातरीने कापलेली नको. कातर नळी चिमटते, तोंड लंबगोल होतं. नवी ब्लेड घ्या, लाकडावर नळी ठेवा आणि एकाच दाबात सरळ काप. टोक गरम पाण्यात क्षणभर बुडवलं की बार्बवर शेवटपर्यंत सरकतं. जुनी नळी काढताना ओढू नका, बार्ब वाकतो. आणि ब्लेडने उभी चिरताना पातं बार्बच्या पितळेला लागू देऊ नका. तिथे केसाएवढा ओरखडा पडला तरी नवी नळी कितीही घट्ट बसवा, हवा त्या ओरखड्यातून वाट काढते. मी शेवटचा अर्धा मिलिमीटर चिरतच नाही, नळी नखाने फाडतो.

फ्रेम पोखरताना भिंत 2 मिलिमीटरपेक्षा पातळ मी करत नाही. पोखरायची ती फक्त ग्रिप फ्रेम, पॅनल आणि रेल. बॉडी, मुख्य व्हॉल्व्हची खोली, टाकीची जोडणी, रेग्युलेटरचं अंग, ज्या ज्या भागात 800 पीएसआय असते तिथे कटर लावायचा नाही. जागा कितीही कमी पडत असो. पोखरलेल्या खिशाच्या कडा कानशीने मोडून, वर पॉलिश पेपर मारून ठेवा. नळी प्रत्येक शॉटला किंचित फुगते आणि सरकते, धारदार कडेवर ती हळूहळू कापली जाते.

दोन गोष्टी आत कोंडायच्या नाहीत. पहिली, व्हॉल्व्हची उच्छ्वासाची वाट. बोट सोडलं की सिलिंडरमधली हवा तिथून बाहेर पडते. पॅनल गच्च बसलं की ती खिशातच साठते, उलटा दाब येतो आणि सिअर उशिरा परततो. ग्रिपच्या बुडाला, तळहात पोहोचणार नाही तिथे 3 मिलिमीटरचं भोक ठेवा. दिसणार नाही. दुसरी, रेग्युलेटरचा स्क्रू. ॲलन की बाहेरून पोचलीच पाहिजे. शेजारी गेजसाठी एक आटे पाडलेलं तोंड ठेवून ते स्क्रूने बंद करा.

ते तोंड कशासाठी, तर रेग्युलेटरचं सील झिजलं की 75 वर लावलेला दाब बसल्या बसल्या चढत जातो. 80, 95, 120. नळ्या बाहेर असताना एखादी निसटते आणि कळतं. आत असताना ती तुमच्या मुठीत निसटते. गेज लावून, ट्रिगरला हात न लावता दहा मिनिटं काटा पाहा. हलला तर आधी रेग्युलेटर उघडा. तुमचा व्हॉल्व्ह आणि नळी किती दाबाची आहे तो आकडा त्यांच्या माहितीपत्रकात असतो, छोटे व्हॉल्व्ह बहुधा 100 ते 150 च्या पुढचे नसतात.

राहिली सेफ्टी, आणि इथे मी थोडा कडक होणार आहे. जुनी बटणाची सेफ्टी ट्रिगर अडवते. तुमच्या बांधणीत सिअरला ट्रिगर ढकलतच नाही, सिलिंडर ढकलतो. म्हणजे ट्रिगर जाम आहे, सेफ्टी लागली आहे, आणि आतला व्हॉल्व्ह गळायला लागला तर सिलिंडर हळूच पुढे सरकून मार्कर उडू शकतो. सेफ्टी सिअरला किंवा सिलिंडरच्या दांड्याला अडवेल अशी करा. ते होईपर्यंत लपवण्याचं काम थांबवा. टाकी काढली म्हणजे हवा गेली असंही धरू नका. कमी दाबाच्या नळीत ती राहते. गोळ्यांचा हॉपर काढून, बॅरल सॉक (मार्करच्या तोंडावरची सुरक्षेची पिशवी) लावून, डोळ्यांवर मास्क ठेवून मार्कर मुका होईपर्यंत ट्रिगर ओढा, मग पॅनलला पाना लावा.

पहिला आठवडा पॅनलशिवाय वापरा. पॅनल लावल्यावर क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, एकदा वेग पाहा, 300 फूट प्रतिसेकंदाच्या वर जाता कामा नये. हवेच्या ट्रिगरचा वेगाशी थेट संबंध नाही, पण खोलाखोलीत मुख्य रेग्युलेटरला धक्का लागलेला असतो.

प्रश्न : काका, माझा ऑटोकॉकर जातीचा मार्कर आहे. पुढच्या ब्लॉकवरचा रॅम (मागचा ब्लॉक हलवणारा सिलिंडर), थ्री-वे (त्याला हवा वाटणारा व्हॉल्व्ह) आणि छोटा रेग्युलेटर झाकण्यासाठी ॲल्युमिनियमचं कव्हर करून घेतलं. नळ्या नीट दिसाव्यात म्हणून लांब करून बॉडीखालून फिरवल्या. आता टाकी लावताच मागचा ब्लॉक मागे जाऊन तिथेच थांबतो, ट्रिगर ओढला की पुढे येतो. रेग्युलेटर वाढवून पाहिला, फरक नाही.

उत्तर : रॅमच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे. ट्रिगर सुटा असताना रॅमने ब्लॉक पुढे धरून बोल्ट (गोळी आत सारणारा दांडा) बंद ठेवायचा असतो, तुमच्याकडे उलटं चाललंय. नळ्या बदला, हा आजार तिथेच संपेल. फिरवाफिरवी करण्याआधी एका नळीवर मार्करपेनने रेघ मारून ठेवत जा.

पण मग दुसरा आजार वर येईल, तो आत्ताच सांगतो. ऑटोकॉकर हा मुळात पंपाच्या मार्करचा वंशज. हाताने मागे-पुढे करायचा तो दांडा इथे रॅम करतो. रॅम, थ्री-वे आणि रेग्युलेटर तिघे पुढच्या ब्लॉकवर एकमेकांना खेटून बसवलेत ते गबाळेपणाने नव्हे. रॅमच्या दोन्ही नळ्या प्रत्येक शॉटला भरायच्या आणि रिकाम्या करायच्या असतात, म्हणजे वरच्या पत्रातला हिशेब इथे दुप्पट लागू. तुम्ही त्या बॉडीखालून फिरवल्यात. ब्लॉक संथ चालेल, तुम्ही घाईने दुसऱ्यांदा ट्रिगर ओढाल, तेव्हा बोल्ट अर्ध्या वाटेत असेल आणि गोळी चिरडेल.

अशा वेळी रेग्युलेटर वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. भरणं थोडं लवकर होईल, पण आता बाहेर काढायची हवाही जास्त झाली. शिवाय ब्लॉक दणकून बसतो आणि मध्ये आलेलं बोट सोलवटतो. नळ्या पूर्वीइतक्या आखूड करा, कव्हर त्यांच्यावरून येऊ द्या. थ्री-वेची हवा त्याच्या दोन टोकांतून बाहेर पडते, कव्हरला त्या दोन्ही टोकांसमोर फटी हव्यात. टायमिंग रॉड (ट्रिगर आणि थ्री-वे यांना जोडणारा दांडा) कव्हरला घासत नाही ना, तेही पाहा. घासला की टायमिंग कितीही लावा, ते राहत नाही.

कव्हर दोन स्क्रूंवर निघेल असं आहे का? चिकटवलं असेल तर मला सांगूही नका.

प्रश्न : सर, लपवलेल्या नळ्यांवर कार्बन डायऑक्साइड चालेल का? माझ्याकडे जुन्या टाक्या आहेत.

उत्तर : नको. त्या टाकीत द्रव असतो आणि दाब तापमानाबरोबर नाचतो. 21 अंश सेल्सिअसला सुमारे 850 पीएसआय, 31 अंशांच्या आसपास 1070 च्या घरात. भराभर मारलं की द्रव मार्करमध्ये येतो, छोट्या रेग्युलेटरपर्यंत पोचतो, ओ-रिंग गारठून आक्रसतात. नळ्या बाहेर असत्या तर त्यांच्यावर दव आलेलं दिसलं असतं आणि तुम्ही थांबला असता. आत घातल्यावर ती सूचनाही गेली. लपवलेल्या बांधणीला दाबलेली हवाच द्या. जुन्या टाक्या बाहेरून नळ्या असलेल्या मार्करला ठेवा, आणि त्यांची तपासणीची तारीख उलटली असेल तर कशालाच नको.

प्रश्न : दादा, स्पष्टच विचारतो. ट्रिगरला हवेने परत ढकलणारा सिलिंडर बसवलाय, बोट नुसतं टेकवून ठेवलं तरी मार्कर धडाधड मारतो. आमच्या मैदानावर हे चालत नाही. पंचांना कळणार नाही असं लपवता येईल का?

उत्तर : स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो, लपत नाही. टिपमन कंपनीचा रिस्पॉन्स ट्रिगर हेच करतो. शॉटमधून उरलेली हवा ग्रिपमधल्या सिलिंडरला जाते, तो ट्रिगरला पुढे ढकलतो, आणि ते बहुतेक सगळं फ्रेमच्या आतच बसतं. बाहेरून फारसं दिसत नाही, तरीही पंच पकडतात, कारण ते नळ्या बघत नाहीत. मार्कर हातात घेतात, बोट हलकं टेकवतात आणि ऐकतात. ट्रिगर बोटाला परत ढकलतो हे पहिल्याच शॉटला कळतं.

तुमच्या जोडणीत सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीवर हवा कमी-जास्त करायचा एक छोटा स्क्रू असेल. तो पूर्ण बंद केला की ट्रिगर साधा होतो, एका ओढीला एक शॉट. मैदानावर जाताना तो बंद करा आणि त्याचं डोकं बाहेरून दिसेल असं ठेवा. पंचांना आपण होऊन दाखवा, हवं तर त्यावर त्यांना चिकटपट्टी लावू द्या. बाकीच्या नळ्या लपवायला माझी ना नाही. फक्त त्या सिलिंडरची नळी ट्रिगरच्या स्प्रिंगला घासणार नाही अशी फिरवा, या जोडणीत ती तिथेच फाटते.